फुरसुंगीचा पोरगा तुबलीत : भा. रा. भागवत पुन्हा वाचताना

मुंबईच्या विमानतळावर काट्यानं चार किलो जास्त दाखवले, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात जे होतं तेच आमच्याही घरात झालं. रांगेच्या कडेला बॅग उघडून बसलो. एकीकडे थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि कैरीचं लोणचं; दुसरीकडे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मी मोठ्या हौसेनं आणलेला 'फास्टर फेणे'चा गठ्ठा. सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. शेवटी भाजणी बाहेर थांबलेल्या मेहुण्याच्या हाती परत गेली आणि फास्टर फेणे बहरीनला आला. पुढचे दोन महिने थालीपीठाचा विषय निघाला की मला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळं!

ऐकून घेण्याचं वाईट वाटलं नसतं. वाईट वाटलं ते पुस्तकं तशीच पडून राहिली याचं. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे. शाळेत दुसरी भाषा हिंदी असल्यामुळे देवनागरी अक्षरं येतात, घरात मराठी बोलतो. म्हणजे मराठी पुस्तक वाचायला काही अडचण नाही, असा माझा सरळ हिशेब. त्यानं पहिलं पुस्तक उघडलं, दहाव्या पानावर मिटलं आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "बाबा, चांगलं आहे. पण मी वाचताना गोष्ट पुढेच जात नाही."

बिचाऱ्याचं खरं होतं. तो एकेक अक्षर लावत होता. 'धडपडत' या शब्दापाशी स्वतःच धडपडत होता. मराठीतला सगळ्यात वेगवान पोरगा आमच्या तुबलीच्या फ्लॅटमध्ये गोगलगायीच्या चालीनं चालला होता!

मला राग आला, आणि तो आधी माझ्यावरच आला. शुक्रवारच्या मराठी वर्गात दोन वर्षं मीच मुलांना शिकवत होतो. श्लोक, म्हणी, 'माझा आवडता सण' हा निबंध, सगळं झालं. मुलं आली, बसली, पाठ करून गेली. त्या दोन वर्षांत एकाही मुलानं "पुढे काय झालं?" असं मला विचारलं नाही. विचारण्यासारखं मी काही वाचलंच नव्हतं ना! तेव्हा ठरवलं, की रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास आपणच मोठ्यानं वाचायचं. पाच महिन्यांत सात पुस्तकं झाली. धाकटी नऊ वर्षांची कन्याही येऊन बसू लागली. त्या वाचनातून मला भा. रा. भागवत जसे दिसले, तसे या पानांतून मांडतो आहे. लहानपणी दिसले होते त्याहून ते काही बाबतींत मोठे दिसले, काही बाबतींत जुने वाटले. दोन्ही सांगायला हवं.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० सालचा. ऑक्टोबर २००१ मध्ये ते गेले. म्हणजे एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातला मोठा हिस्सा त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात घालवला. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यातलं मोठं नाव. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत भागवतांनी 'बालमित्र' हे मुलांचं मासिक चालवलं. मुलांचं मासिक काढणं म्हणजे काय असतं, हे वर्षातून एकदा ही स्मरणिका काढताना जाहिरातींसाठी फिरणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. आपण वर्षात एकदा दमतो, त्यांना दर महिन्याला अंक द्यायचा होता!

एक गोष्ट मला हा लेख लिहायला बसेपर्यंत जाणवली नव्हती. ज्या मुलामुळे भागवतांचं नाव घराघरांत गेलं, तो बनेश ऊर्फ फास्टर फेणे जन्मला साठीच्या दशकात. म्हणजे लेखकाची पन्नाशी उलटून गेल्यावर. आपल्याकडे पन्नाशी उलटली की माणूस फंडाचे आणि गावाकडच्या घराचे हिशेब करू लागतो. भागवतांनी त्या वयात एका शाळकरी पोराला सायकलवर बसवलं आणि पुढची वीसेक पुस्तकं त्याच्या मागे धावत राहिले.

पण फेणेकडे जाण्याआधी भागवतांचं दुसरं मोठं काम सांगायला हवं, कारण फेणेची गाडी त्याच रुळांवरून आली असं मला वाटतं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न हे भागवतांचं आयुष्यभराचं वेड. व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांसाठी आणल्या. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावं वाचा. नुसती नावं वाचली तरी भागवत कसे विचार करत होते ते कळतं. 'स्वारी' हा आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला शब्द. तो चंद्राला लावल्याबरोबर फ्रान्समधल्या लेखकाचं यान जणू मावळातल्या घोडदळासारखं निघतं. पृथ्वीच्या पोटात जाण्याच्या कथेला 'पाताळलोक' म्हटलं, की आजीच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला ती जागा आधीपासून ओळखीची वाटते. आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' तर कमालच! धूमकेतूला शेंडेनक्षत्र हा आपला घरगुती शब्द. त्याला पुढे 'मुक्काम' जोडला, जसं आपण पत्रावर 'मुक्काम पोस्ट वाई' लिहायचो. जणू धूमकेतू म्हणजे एसटी जाते असं एखादं गाव, उतरा आणि राहा. परकी वस्तू मुलाच्या हातात देताना ती आधी आपल्या भाषेच्या ऊबेत धरून मग द्यायची, ही भागवतांची रीत होती. आपण इथे नेमकं उलट करतो. घरातली वस्तू परकी करून मुलांना देतो, आणि ती त्यांना परकी वाटते म्हणून हळहळतो.

आता फास्टर फेणे. ज्यांनी वाचला नसेल (अशी मंडळी चाळिशीच्या पुढे फार नसावीत!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो. सुभाष देसाई हा त्याचा मित्र. बन्या सायकल भन्नाट चालवतो, कुठे काही काळंबेरं दिसलं की त्यात नाक खुपसतो, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडातून 'ट्टॉक्' असा आवाज काढतो. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनानं काढलेली पुस्तकं आणि त्यांवरची राम वाईरकरांची चित्रं आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मी स्वतः साताऱ्याच्या नगरवाचनालयात ही पुस्तकं वाचली. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून मी आणि मित्र वेगवेगळी पुस्तकं घ्यायचो आणि परत करायच्या आत बदलायचो. शनिवारी दुपारी आठ आण्यांत तासाची सायकल भाड्यानं मिळायची. ती घेऊन पोवई नाक्यापर्यंत जायचं, आणि वाटेत जो कोणी संशयित दिसेल त्याचा पाठलाग करायचा. बहुतेक संशयित दूधवाले निघायचे.

आता या पोराचं मराठी साहित्यातलं ठिकाण कुठलं? माझ्या मते ते ओळखण्यासाठी त्याच्याआधीची दोन मुलं त्याच्या शेजारी उभी करून पाहावीत. पहिला साने गुरुजींचा श्याम. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम आईच्या पदराशी वाढतो. त्याची प्रत्येक चूक आईपाशी येऊन थांबते आणि तिथून धडा बनून परत जाते. दुसरा ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या. गोट्या अनाथ, पण एका प्रेमळ घरात येतो आणि आपल्या गुणांनी सगळ्यांना जिंकतो. ही दोन्ही पुस्तकं मी मुलांना वाचून दाखवली आहेत, दोन्हींच्या वेळी माझाच आवाज दाटून आला आहे. पण दोन्हींत मुलाची किंमत शेवटी घर ठरवतं. चांगला मुलगा तो, ज्याला घरातली मोठी माणसं चांगला म्हणतात.

फास्टर फेणेच्या तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी माझ्या मुलानं मधेच थांबवून विचारलं, "बाबा, याचे आई-बाबा कुठे असतात?"

मी म्हटलं, "फुरसुंगीला."

"मग याला सोडायला कोण येतं?"

प्रश्न साधा होता, पण मला त्यात भागवतांची सगळी करामत दिसली. फेणेला सोडायला कोणीही येत नाही! आई-वडील आहेत, त्यांची माया आहे, पण गोष्टीच्या मधोमध ते उभे नाहीत. मुलगा स्वतः निघतो, स्वतः बघतो, चुकतो, अडकतो आणि बहुतेक वेळा स्वतःच्या डोक्यानं सुटतो. त्याला शेवटी कोणी 'संस्कारी बाळ' म्हणत नाही. शाबासकी मिळते ती कामाची. मराठी बालसाहित्यात साहसकथा आधीही होत्या. पण त्या बऱ्याचदा मावळ्यांच्या, राजपुत्रांच्या, दूरच्या काळातल्या. भागवतांनी साहस आणून ठेवलं ते पुण्याच्या रस्त्यावर, शाळेला जाणाऱ्या मुलाच्या वाटेत. हत्यार नाही, पैसा नाही, ओळखीचा वजनदार काका नाही. आहे काय, तर सायकल, नजर आणि जीभ टाळ्याला लावून काढलेला एक आवाज.

त्याच्या नावाचीच गंमत पाहा. तो 'फास्ट' नाही, 'फास्टेस्ट' तर नाहीच. 'फास्टर' आहे. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत हे तर-तम भावातलं 'तर'. सगळ्यांत वेगवान असण्याची गरज नाही, समोरच्या चोरापेक्षा जरासा वेगवान असलास तरी पुरे! जगातला सर्वश्रेष्ठ होऊ पाहणारे नायक आमच्या मुलांना हल्ली पडद्यावर ढिगानं भेटतात. वर्गात पहिला येण्याचा धोशाही घरोघरी आहे, आमच्याही आहे. 'जरासा पुढे' एवढ्यावर समाधानी असणारा हा किडकिडीत पोरगा त्यामुळेच मला मोठा वाटतो.

आणि तो बाहेरगावचा आहे. हे मला साताऱ्यात कळलं नव्हतं, ते तुबलीत कळलं. फेणे पुण्याचा नव्हे, फुरसुंगीचा. पुण्यातल्या मुलांच्या दृष्टीनं खेड्यातून आलेला. त्याला नव्या जागेत स्वतःचं नाव कमवावं लागतं. आपली मुलं कोण आहेत? ती मनामातही बाहेरची आणि सुट्टीत पुण्याला गेली की तिथेही बाहेरची. "तू बहरीनचा ना? मग तुला मराठी येतं?" हा प्रश्न त्यांना दर मे महिन्यात ऐकावा लागतो. नव्या जागी आपलं नाव कसं होतं, ते रडून होत नाही आणि फुशारकीनंही होत नाही, हे सांगायला फेणेपेक्षा चांगला मित्र मला तरी माहीत नाही.

मालिकेतल्या पुस्तकांची नावंही सांगायला हवीत, कारण ती मोठ्यानं म्हणताना मुलं हसली. 'ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे', 'फास्टर फेणे टोला हाणतो', 'चिंकूचे चाळे नि फास्टर फेणे', 'चोरावर मोर फास्टर फेणे'. सगळी तोंडात घोळवावी अशी, बोलण्यातली. दुसरीकडे 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचं गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे'. पोरगा घराबाहेर पडतो आणि गडावर, काश्मिरात, वादळात कुठेही जातो. टीव्ही घरोघरी नव्हते त्या काळात मराठी मुलांच्या मनातला हिंदुस्थानचा नकाशा या नावांनी मोठा केला. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, प्रकरणाच्या शेवटी श्वास अडकवून ठेवणारं काहीतरी. मोठ्यानं वाचताना कळतं, की ही भाषा कानासाठी लिहिलेली आहे. माझा मुलगा जिथे डोळ्यांनी अडखळला होता, तिथे कानांनी सरसर पुढे गेला.

भागवतांचा आणखी एक पोरगा आहे, बिपिन बुकलवार. आडनावातच 'बुक'! हा पुस्तकातला किडा. फेणेला जे सायकलनं जमतं, ते याला वाचनानं. ज्या मुलांना मैदानात कोणी घेत नाही, त्यांची बाजू भागवतांनी घेतली, हे मला फार आवडतं. फेणेइतकं याचं नाव झालं नाही. व्हायला हवं होतं.

एवढं कौतुक केल्यावर जे खटकलं तेही सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

पहिली तक्रार माझ्या मुलीची. चौथ्या पुस्तकाला ती म्हणाली, "सगळीकडे मुलगेच का पळतात?" मी "माली आहे की," असं म्हणून वेळ मारून नेली. पण ती बरोबर होती. माली आहे, अधूनमधून चमकतेही, पण धावपळ, पाठलाग, धोका हे सगळं मुलांच्या वाट्याला. ज्या लेखकाच्या घरात लीलावतीबाईंसारखी लिहिती, कर्तबगार स्त्री होती, त्याच्या मालिकेत एखादी 'फास्टर' मुलगी नायिका म्हणून असायला हवी होती, असं आज वाटतंच. त्या काळाची रीत म्हणून आपण सोडून देऊ. नऊ वर्षांची मुलगी का सोडून देईल?

दुसरं योगायोगांचं. नेमकं हवं ते माणूस हव्या त्या वळणावर भेटतं, गुन्हेगार नको तितकं मोठ्यानं बोलतात. लहानपणी हे खटकलं नव्हतं. आता मुलगाच मला म्हणतो, "आता बघ बाबा, तो खिडकीखाली लपलेला असणार." आणि तो असतोच! मजा कमी होत नाही, पण गूढकथा म्हणून वीण सैल आहे, हे मान्य करायला हवं.

तिसरं जरा नाजूक. साठ-सत्तरच्या दशकांत देशावर तीन युद्धं आली, १९६२, १९६५ आणि १९७१. त्यांची हवा या मालिकेतही शिरली. 'जवानमर्द', 'रणरंग' हे शब्द शीर्षकांत दिसतात. त्या काळच्या मुलांना त्यानं धीर दिला असेल. पण आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये लाहोरचं कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा आणि आमचा रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात. अशा घरात 'शत्रू' हा शब्द मोठ्यानं वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. पुस्तक बाजूला नाही ठेवलं. थांबून मुलांशी बोललो, की हे कधी लिहिलं गेलं आणि तेव्हा काय चाललं होतं. चांगलं पुस्तक असं बोलायला लावतं. पण पालकांनी ते नुसतं मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नये.

चौथी अडचण लेखकाची नाही, काळाची. ट्रंक कॉल, तार, रॉकेलचा स्टोव्ह. तार म्हणजे काय, हे सांगण्यात एक संध्याकाळ गेली. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तेव्हा हे चिरंजीव जन्मायचे होते. "म्हणजे मेसेज, पण पोस्टमन घेऊन येणार?" असं विचारून तो पोट धरून हसला.

आमच्या ओळखीचं एक बंगाली कुटुंब सलमाबादला राहतं. त्यांच्याकडे सत्यजित राय यांचा फेलुदा म्हणजे घरातलाच माणूस. फेलुदाची पहिली कथा १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात आली, म्हणजे आपल्या फेणेच्याच पिढीचा. रायनी स्वतः त्याच्यावर 'सोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) हे चित्रपट काढले, आणि बंगाली माणूस जगात कुठेही गेला तरी फेलुदा बरोबर नेतो. मला हेवा वाटतो. पण एक फरक आहे. फेलुदा मोठा माणूस आहे. मुलगा त्याच्या बरोबर जातो, पाहतो, सांगतो. आपल्याकडे मुलगाच पुढे आहे. इंग्रजीत एनिड ब्लायटनची मुलं एकटी भटकतात, पण ती टोळीनं आणि टोपलीत खाऊ घेऊन. एकटा, गरीब वेशातला, वसतिगृहातला पोरगा मुख्य जागी ठेवणं, यात भागवतांचं स्वतःचं धाडस होतं.

मग आपण फेणेला का विसरलो? अगदी विसरलो असं नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली. सुमीत राघवननं केलेला फेणे आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला. अमेय वाघ फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झाले! लेखकालाच आपल्या नायकाच्या गोष्टीत आणून बसवण्याची कल्पना मला मनापासून आवडली. मानाचा मुजराच तो. चित्रपट चुरचुरीत आहे, मुलांनाही आवडला. पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा. तिथे माझं मन थोडं हटलं. अठराव्या वर्षी एकट्यानं शहरात फिरणं ही काही गोष्ट नव्हे. शाळकरी मुलानं फिरणं, ही गोष्ट आहे. भागवतांनी मुलांना दिलेली मोकळीक वयाबरोबर थोडी निसटली, असं मला वाटतं.

गेल्या मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा मुलानं हट्टच धरला, "फुरसुंगी दाखव." हडपसर ओलांडून गेलो. त्याच्या मनात शेतं, विहीर, सायकल. समोर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, डंपर आणि धूळ. फुरसुंगी-उरुळी देवाचीचा कचरा डेपो आणि पाण्याचे टँकर यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. शहरानं आपला केर या गावांच्या दारात टाकला. मुलगा थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "बाबा, आपल्या तुबलीसारखंच आहे की!"

मी हसलो, पण पोरगं खरं बोललं. आपलं तुबली! सगळ्या शहराचं सांडपाणी जिथे येतं ते शुद्धीकरण केंद्र इथेच, आणि वारा फिरला की मनामातले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. भराव घालून घालून खाडी आक्रसत गेली. पण त्याच तुबली खाडीत अजून तिवरं उभी आहेत, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. आमच्या मुलानं ते पक्षी कितीदा पाहिले होते? गाडीच्या काचेतून, साठच्या वेगानं. उतरून एकदाही नाही. आपली मुलं एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून शाळेत आणि शाळेतून परत. पंचेचाळीस अंशांत दुसरं काय करणार, हे आपलं म्हणणं जूनमध्ये खरं आहे. जानेवारीत आपण काय सांगतो?

त्या जानेवारीत एक छोटी गोष्ट झाली. सकाळी दूध संपलं होतं. मी गाडीची किल्ली शोधत होतो. चिरंजीव म्हणाले, "मी जाऊन आणतो." आमच्या इमारतीपासून कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर दोनशे पावलांवर, मधे एक गल्ली. तरी बारा वर्षांत तो तिथे एकटा कधी गेला नव्हता. आम्हीच पाठवला नव्हता. सौ. खिडकीशी, मी दाराशी. पंधरा मिनिटं लागली, कारण परत येताना साहेब खाडीच्या बाजूला वळून पक्षी बघून आले. रागावायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं दुधाचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ट्टॉक्!"

मंडळी, भागवतांचं लेखन थोर आहे का, हा प्रश्न समीक्षकांनी सोडवावा. मी एवढंच सांगतो, की भाषा टिकवायची म्हणून मराठी शिका, असं दोन वर्षं सांगून मला जे जमलं नाही, ते या माणसानं 'पुढे काय झालं?' एवढ्या एका प्रश्नावर करून दाखवलं. संस्कार नकोत असं मी म्हणत नाही. गणपतीत आरती पाठ हवीच. पण गंमत आधी हवी. गंमत आली की भाषा तिच्या मागून येते. त्यांनी मुलांवर विश्वास टाकला, आणि आपणही टाकावा असं त्यांची पुस्तकं सुचवतात. ते आपल्याला जास्त अवघड जातं.

आता चिरंजीव स्वतः वाचतात. हळू वाचतात, मधेच "हा शब्द काय?" म्हणून ओरडतात, पण वाचतात. आठवं पुस्तक चालू आहे.

आमच्या बैठकीच्या खोलीत आता पुस्तकांचं एक खोकं आहे. फास्टर फेणे, बिपिन बुकलवार, व्हर्नची मिळाली तेवढी पुस्तकं. ज्यांना हवी असतील त्यांनी शुक्रवारी मराठी वर्गाच्या वेळी घेऊन जावीत. अट एकच, पहिली दोन प्रकरणं तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचायची, मग पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं. परत आणताना पानं दुमडलेली असली, चहाचा डाग पडलेला असला तरी चालेल. कोरं करकरीत परत आलं, तर मात्र मी विचारणार, की वाचलं का नाही!

आणि पुढच्या वेळी विमानतळावर काटा जास्त दाखवू लागला, तर भाजणी आणि पुस्तकं दोन्ही कशी बसवायची, याचा उपाय कोणाला सापडला असेल तर आमच्या सौ.ना जरूर कळवावा.